बर्फात जाण्याआधी: वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट कशी निवडावी?



दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्या कोलार रोडच्या घराघरांत हिवाळी सहलीची बोलणी सुरू होतात. पूर्वी ही बोलणी पचमढीवर किंवा पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांवर येऊन थांबत. आता गुलमर्ग, औली, मनालीजवळचे सोलंग अशी नावे निघतात. शिवाय मुलांना बर्फ नुसता पाहायचा नसतो. त्यांना स्कीवर उभे राहायचे असते, थोडी मोठी मुले स्नोबोर्डची भाषा बोलू लागली आहेत. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे स्कीइंगचे वर्ग भरत आले आहेत, मनालीलाही सरकारी पर्वतारोहण संस्था आहे. २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या आणि हा खेळ आपल्या मुलांना टीव्हीवरही दिसू लागला.

तिकिटे काढली जातात, हॉटेल ठरते, आणि कपड्यांचा विचार शेवटच्या आठवड्यात न्यू मार्केटच्या एका फेरीत उरकला जातो. दुकानदार म्हणतो, ‘भाईसाब, पूरा वॉटरप्रूफ है.’ आपण जॅकेटचा जाडपणा हाताने चाचपतो, रंग पाहतो आणि घेऊन टाकतो. जाडपणा आणि रंग यांवरून जॅकेट बर्फात टिकेल की नाही हे मात्र कळत नाही. ते कशावरून कळते, हे या लेखात सोप्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवतो. बर्फात माणूस दोन बाजूंनी भिजतो: बाहेरून वितळलेल्या बर्फाने आणि आतून स्वतःच्या घामाने. जो कपडा पहिले पाणी अडवतो पण दुसरे आत कोंडतो, तो अर्धेच काम करतो. आणि बहुतेक कुटुंबे ज्या पँटकडे दुर्लक्ष करतात, ती जॅकेटपेक्षा जास्त महत्त्वाची असते.

पावसाचा रेनकोट बर्फात का चालत नाही?

पावसाळा आपल्याला नवा नाही. केरवा किंवा कलियासोतकडे भर पावसात दुचाकीवरून गेलेल्या प्रत्येकाकडे एक रेनसूट असतोच. तोच आत स्वेटर घालून बर्फात वापरला तर काय बिघडले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

बिघडते ते असे. आपला नेहमीचा रेनसूट प्लास्टिकचा किंवा आतून प्लास्टिकचा थर दिलेल्या नायलॉनचा असतो. पाणी त्यातून आत जात नाही, तशीच वाफ बाहेरही जात नाही. गाडीवर आपण बसून असतो, हवा लागत असते, प्रवास अर्ध्या तासाचा असतो, त्यामुळे हे फारसे जाणवत नाही. स्की शिकणारा माणूस मात्र बसून नसतो. पहिले दोन-तीन दिवस तो उतारावरून घसरण्यापेक्षा उतार चढण्यातच जास्त वेळ घालवतो. पडतो, उठतो, स्की गोळा करतो, पुन्हा चढतो. दहा मिनिटांत अंगाला घाम येतो. ही वाफ गार कापडाच्या आतल्या बाजूला आदळते आणि तिचे पाणी होते. मग शिक्षक सर्वांना रांगेत उभे करून सूचना देऊ लागतात, हालचाल थांबते, आणि ओला स्वेटर अंगाला चिकटून हुडहुडी भरते.

ओलेपणा इतका घातक का, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट जास्त वेगाने उष्णता वाहून नेते. स्वेटर आपल्याला ऊब देतो तो लोकरीमुळे नव्हे, लोकरीच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की स्वेटर कितीही महागाचा असला तरी त्याचा उपयोग फारच कमी होतो.

त्यात उंचीची भर पडते. साधारणपणे दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथल्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. म्हणजे खाली शून्य अंश असेल तर वर उणे आठच्या आसपास, आणि वारा वेगळाच. खाली ‘चालून जाईल’ वाटणारा कपडा वर चालत नाही.

थंडी कमी असली की भिजणे जास्त

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण ती उलटी वाटते. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा, पिठासारखा असतो. तो कपड्यावर पडला तर झटकून टाकता येतो. तापमान शून्याच्या जवळ असले की हाच बर्फ ओला आणि चिकट होतो, कपड्याला लागताच वितळतो आणि झिरपतो.

आपल्याकडची बरीच कुटुंबे परीक्षा संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये किंवा मे महिन्याच्या सुट्टीत रोहतांगकडे जातात. ऊन चांगले असते, म्हणून ‘आता कुठे एवढी थंडी’ असे म्हणून जीन्सवरच बर्फात उतरतात. प्रत्यक्षात याच दिवसांत चांगल्या वॉटरप्रूफ कपड्याची गरज जास्त असते. जानेवारीत ऊब महत्त्वाची, वसंतात पाणी अडवणे महत्त्वाचे. आपण कोणत्या महिन्यात जाणार आहोत, यावरून कशावर खर्च करायचा ते ठरवावे.

लेबलवरचा पहिला आकडा: पाणी किती अडते?

बर्फाच्या खेळासाठी बनवलेल्या जॅकेट-पँटच्या लेबलवर बहुधा दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १०,०००/१०,०००. कधी ते ‘१० के/१० के’ असे लिहिलेले असतात. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये असतो आणि तो पाण्याच्या दाबाचा असतो. प्रयोगशाळेत कापडावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब झाल्यावर थेंब पलीकडे येतात ते मोजतात. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ. तीन मजली घराइतके पाणी उभे राहिले तरी कापडाने ते अडवले, असा त्याचा अर्थ.

आकाशातून पडणारा बर्फ एवढा दाब देतो का? मुळीच नाही. दाब देतो तो आपण स्वतः. गुडघा टेकून उठणाऱ्या माणसाचे गणित करून पाहू. ६० किलो वजनाच्या माणसाने निम्मे वजन एका गुडघ्यावर टाकले, आणि गुडघ्याचा टेकलेला भाग ५० चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर ०.६ किलो भार येतो. एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर पाण्याचा स्तंभ, या हिशेबाने हा दाब सहा मीटरचा, म्हणजे ६,००० मिलिमीटरचा झाला. खाली ओला बर्फ असेल तर ३,००० मिलिमीटरची पँट इथे हार मानणार. दुकानात तिच्यावर पाणी शिंपडून दाखवले तेव्हा मात्र थेंब सुंदर ओघळले होते!

म्हणूनच आधी पँट, मग जॅकेट. जॅकेटवर बर्फ पडतो आणि घसरतो. पँटवर आपण बसतो आणि गुडघे टेकतो. स्नोबोर्ड शिकणाऱ्यांना हे दुप्पट लागू आहे. स्कीमध्ये दोन पाय दोन पट्ट्यांवर असतात, पडल्यावर काठ्यांच्या आधाराने उठता येते. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात. बांधण्या लावायला, दम खायला, मित्राची वाट पाहायला माणूस सरळ बर्फात बसतो. नवशिक्याचा अर्धा दिवस बैठकीवर आणि गुडघ्यांवरच जातो.

व्यवहारात एवढे लक्षात ठेवावे. कोरड्या थंडीत जॅकेटला ५,००० चालते. पँटसाठी १०,००० असावे, स्नोबोर्डसाठी तर नक्कीच. २०,०००चे कपडे उत्तम असतात, पण आठवड्याच्या सहलीसाठी त्यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ किंवा ‘वॉटर रिपेलंट’ एवढेच लिहिलेले असेल, आकडा नसेल, तर तो कपडा बुरबुर पावसापुरता आहे असे समजावे.

दुसरा आकडा: घाम किती बाहेर जातो?

दुसरा आकडा वाफेचा. चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, ते तो सांगतो. १०,००० म्हणजे तासाला साधारण ४१७ ग्रॅम. जॅकेटचे कापड दीड चौरस मीटर धरले तर तासाला सहाशे ग्रॅमच्या आसपास वाफ बाहेर जाऊ शकते, तीही प्रयोगशाळेतल्या अनुकूल परिस्थितीत. उतार चढणारा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज गाळतो. म्हणजे चांगले कापडही एकटे पुरे पडत नाही. हा आकडा मोजण्याच्या पद्धतीही कंपनीगणिक वेगवेगळ्या असतात, त्यामुळे एका कंपनीचे १०,००० आणि दुसरीचे १२,००० यांत फार अर्थ शोधू नये.

काही लेबलांवर याऐवजी ‘आरईटी’ असे लिहिलेले असते. तो वाफेला होणारा अडथळा आहे, म्हणून तिथे आकडा जितका लहान तितका चांगला. सहापर्यंत उत्तम, तेरापर्यंत चांगला, वीसच्या वर असेल तर कपडा कोंदट.

कापडाला जे जमत नाही ते चेन करते. चांगल्या जॅकेटला काखेखाली आणि चांगल्या पँटला मांडीच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला हवा खेळण्यासाठी चेन असतात. चढताना त्या उघडायच्या, थांबल्यावर बंद करायच्या. मुलांना ही सवय आधी लावून द्यावी लागते. मध्यम दर्जाच्या कापडाचे पण काखेत चेन असलेले जॅकेट अनेकदा महागड्या बिनचेनच्या जॅकेटपेक्षा सोयीचे ठरते.

हे कापड बनते कसे?

पाणी अडवायचे आणि वाफ सोडायची, हे एकाच कापडाला कसे जमते? १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. इंग्रजीत रेनकोटला अजूनही त्यांच्याच नावाने ओळखतात. पण त्यात घाम कोंडायचा. दीडशे वर्षे हेच चालले.

१९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी नॉनस्टिक तव्यावर असतो त्याच टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ तापवून एकदम जोरात ताणला. तो तुटण्याऐवजी प्रचंड लांबला आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार झाली. पाण्याच्या थेंबाला ती फार लहान, वाफेच्या कणाला पुरेशी मोठी. यातूनच गोर-टेक्स हे नाव पुढे आले आणि १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्याचे कपडे बाजारात आले. आज अनेक कंपन्या पॉलियुरेथेन म्हणजे ‘पीयू’चा थर वापरून कमी किमतीत हेच काम करतात. आपल्या गरजेला ते पुरेसे असते. म्हणून नावावर न जाता आकड्यांवर जावे.

शिवण: जिथून पाणी खरोखर शिरते

कापड कितीही चांगले असले तरी ते शिवावे लागते, आणि शिवताना सुईने हजारो भोके पडतात. ती बंद करण्यासाठी शिवणीवर आतून पारदर्शक किंवा राखाडी टेप गरम करून चिकटवलेली असते. लेबलवर ‘फुली टेप्ड’ किंवा ‘फुली सील्ड’ असेल तर सगळ्या शिवणी बंद आहेत. ‘क्रिटिकली टेप्ड’ म्हणजे खांदे, टोपी अशा मोजक्याच ठिकाणच्या.

दुकानात करण्याजोगी सर्वात उपयोगी तपासणी हीच. कपडा उलटा करून पाहा. अस्तर असेल तर चेनजवळच्या किंवा खिशाच्या फटीतून बोट घालून शिवण चाचपा. पँटच्या बैठकीची आणि दोन पाय जुळतात तिथली शिवण टेप लावलेली आहे का, हे मुद्दाम बघा. तिथे टेप नसेल तर लेबलवरच्या दहा हजाराला अर्थ उरत नाही.

मग उरलेल्या फटी. पडल्यावर बर्फ वर सरकतो, म्हणून जॅकेटच्या आत कमरेला लवचीक पट्टा हवा. त्याला ‘स्नो स्कर्ट’ म्हणतात. पँटच्या पायाशी आत दुसरा लवचीक घेर हवा, जो बुटावर घट्ट बसतो. बाही हातमोज्यात किंवा हातमोजा बाहीत नीट शिरला पाहिजे. दोघांमध्ये मनगट उघडे राहता कामा नये. पुढच्या चेनवर कापडी पट्टी हवी किंवा चेनच रबरी थराची हवी. टोपी हेल्मेटवरून ओढता येईल एवढी मोठी असावी. या गोष्टींना फारसे पैसे पडत नाहीत, पण साध्या ‘फॅशन’ जॅकेटमध्ये त्या नसतात आणि त्यावरूनच ते ओळखू येते.

परदेशातून आलेले जॅकेट

आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे अमेरिका-कॅनडात आहेत. त्यांच्याकडून आलेले एखादे फुगीर जॅकेट कपाटात असतेच. ते बर्फाच्या देशातले आहे म्हणून बर्फात चालेल असे आपण धरून चालतो. पण ही फुगीर जॅकेटे बहुधा तिथल्या रस्त्यावरच्या थंडीसाठी असतात. आत पक्ष्यांची मऊ पिसे असतील तर ती भिजल्यावर गोळा होतात आणि ऊब जवळजवळ संपते. असे जॅकेट टाकाऊ नाही. त्यावर वॉटरप्रूफ बाह्य कपडा घालता आला, किंवा संध्याकाळी हॉटेलबाहेर फिरायला वापरले, तर उत्तमच. फक्त ते घालून बर्फात लोळू नये.

आत काय घालावे?

बाहेरचा कपडा वाफ सोडतो, पण आतल्या कपड्याने ती त्याच्यापर्यंत पोहोचवली पाहिजे. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स घाम पिऊन बसतात आणि वाळत नाहीत. म्हणून अंगाला लागून लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे थर्मल, त्यावर फ्लीसचा किंवा लोकरीचा स्वेटर आणि सर्वात वर वॉटरप्रूफ, असे तीन थर ठेवावेत. एकच जाडजूड अस्तराचे जॅकेट घेण्यापेक्षा पातळ वॉटरप्रूफ आणि आत वेगवेगळे थर हे जास्त फायद्याचे, कारण चढताना एक थर काढता येतो. शिवाय तेच पातळ जॅकेट इथे जुलै-ऑगस्टमध्येही वापरता येते. बर्फासाठी घेतलेली वस्तू दोन वर्षे माळ्यावर पडून राहत नाही.

पायमोजे एकच जोडी, पण लांब आणि चांगली. दोन जोड्या घातल्या की बूट आवळतो, रक्ताभिसरण कमी होते आणि पाय उलट जास्त गारठतात.

विकत घ्यावे की भाड्याने?

गुलमर्ग, सोलंग आणि मनाली-रोहतांग रस्त्यावर जॅकेट-पँट आणि गमबूट भाड्याने मिळतात. एका दिवसाच्या बर्फातल्या खेळासाठी ते पुरते. घेताना बैठकीची शिवण, चेन आणि पायाचा लवचीक घेर पाहून घ्या, आणि कपडा आतून कोरडा आहे ना हे हात घालून तपासा. आदल्या दिवशीचा ओलावा राहिलेला असू शकतो.

मुलगा किंवा मुलगी सात-चौदा दिवसांच्या शिकवणी वर्गाला जाणार असेल तर गोष्ट वेगळी. नाव नोंदवतानाच विचारून घ्या की स्की आणि बुटांबरोबर कपडेही मिळतात का. मिळत नसतील तर सगळे एकदम उत्तम दर्जाचे घेण्याचा आग्रह नको. पैसे मर्यादित असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी पँट, मग वॉटरप्रूफ हातमोजे, मग थर्मल, आणि शेवटी जॅकेट. लहान मुलांसाठी पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा अंगठा वेगळा आणि चार बोटे एकत्र असलेले मोजे जास्त उबदार असतात. हातमोज्यांची दुसरी जोडी जवळ ठेवावी. ते सर्वात आधी भिजतात.

वाढत्या मुलांच्या बाबतीत एक माप मोठे घेण्याचा मोह होतो. एक माप ठीक, दोन नको. ढगळ कपड्यात गार हवा खेळते आणि पँटचे पाय स्कीखाली येतात. काही मुलांच्या कपड्यांत बाही आणि पाय वाढवण्यासाठी आत शिवण टाकलेली असते; ती उसवली की एक-दोन हंगाम निघतात.

घरीच घ्या परीक्षा

जुना असो वा नवा, कपडा निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी घरी तपासावा. बदलायला वेळ हवा.

पँटसाठी: न्हाणीघरात ओला टॉवेल अंथरा. पँटच्या गुडघ्याच्या आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून ती घाला आणि टॉवेलवर दोन-तीन मिनिटे गुडघे टेका. मग तसेच बसूनही पाहा. टिश्यू कोरडा निघाला तर पँट पास.

जॅकेटसाठी: आत फिक्या रंगाचा सुती सदरा घालून पाच मिनिटे शॉवरखाली उभे राहा, टोपी आणि चेन लावून. सदऱ्यावर जिथे ओला डाग दिसेल तिथली शिवण किंवा चेन गळते.

घामासाठी: सगळे थर घालून दहा मिनिटे इमारतीचा जिना चढ-उतार करा. भोपाळच्या हवेत गरम तर होणारच. पाहायचे ते एवढेच की चेन उघडल्यावर आराम पडतो का.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ‘पीयू’चा थर दमट उष्णतेत हळूहळू विरतो. चार महिने पावसाळा आणि दोन महिने कडक उन्हाळा माळ्यावरच्या प्लास्टिकच्या पिशवीत काढलेले जॅकेट आतून चिकट लागते, सालपटे निघतात, शिवणीवरची टेप सुटते. असा कपडा बाहेरून नवाकोरा दिसला तरी त्याचे काम संपलेले असते. म्हणून बाह्य कपडे घडी घालून कोंबू नयेत. पूर्ण वाळवून, कपाटात हँगरला लावून, हवा लागेल असे ठेवावेत.

धुताना साधा सौम्य द्रव साबण वापरा आणि कपड्यावरच्या सूचना वाचा. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर मात्र कधीही नको. त्याचा थर कापडावर बसतो आणि पाणी ओघळण्याऐवजी पसरू लागते. कापडाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचे थेंब घरंगळून जावेत म्हणून एक रासायनिक लेप असतो. तो झिजला की बाहेरचे कापड ओले होऊन जड होते, वाफ अडते, आणि आपल्याला वाटते की जॅकेट गळते. खरे तर ते गळत नसते, आतला घाम अडलेला असतो. लेबलवर परवानगी असेल तर धुतल्यानंतर कमी उष्णतेवर वरून सुती कापड ठेवून इस्त्री केल्यास हा लेप बराचसा पुन्हा जागा होतो. नाहीतर बाजारात फवारा मिळतो.

जुन्या लेपांत फ्लोरिनयुक्त ‘पीएफएएस’ रसायने असत. ती निसर्गात सहजी विघटित होत नाहीत, म्हणून जगभर त्यांच्यावर निर्बंध येत आहेत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कपड्यांत ती वापरायला बंदी केली. नवे लेप पर्यावरणाला बरे, पण तेल आणि मळ लवकर धरतात. त्यामुळे नव्या कपड्यांची धुलाई आणि निगा थोडी जास्त ठेवावी लागते.

भिजल्यावर काय?

एवढे करूनही कुणी भिजलेच, तर ‘थोडा वेळ सहन कर’ असे म्हणू नये. विशेषतः मुलांना. लहान शरीर लवकर गार पडते आणि खेळाच्या नादात मूल सांगत नाही. सतत कापणे, बोलणे अडखळणे, हात नीट न चालणे, विनाकारण चिडचिड किंवा सुस्ती ही लक्षणे दिसली की लगेच आत न्यावे, ओले कपडे काढून कोरडे चढवावेत, गरम गोड पेय द्यावे. मोठ्यांनी ‘गरम वाटावे’ म्हणून मद्य घेऊ नये. त्याने त्वचेकडे रक्त वाढते, क्षणभर ऊब वाटते आणि शरीर उलट जास्त उष्णता गमावते. बधिर झालेल्या बोटांवर बर्फ चोळणे हाही चुकीचाच उपाय आहे. कापणे अचानक थांबले आणि माणूस गुंगीत जाऊ लागला तर डॉक्टरांची मदत ताबडतोब हवी. रोज पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा जोड आणि मोजे ठेवणे, हा यावरचा सर्वात स्वस्त विमा आहे.

एक सूचना

बर्फाचे कपडे वर्षातून आठवडाभर लागतात आणि मुलांना दोन वर्षांत तोकडे होतात. एका घरात तोकडे झालेले दुसऱ्या घरात मापाचे असतात. कोलार रोडवरच्या सभासद कुटुंबांनी आपल्याकडे पडून असलेल्या पँट, हातमोजे, जॅकेट यांची मापे आणि लेबलवरचे आकडे एकमेकांना कळवले, तर सर्वधर्मपासून मंदाकिनी चौराह्यापर्यंत एखाद्या घरी हवी ती वस्तू नक्की सापडेल. देताना फक्त वर सांगितलेली टॉवेलची परीक्षा करून द्यावी. आपण दिलेली पँट घालून दुसऱ्याचे मूल बर्फात बसणार आहे.